दुर्बिणीतून पित्ताशयाची शस्त्रक्रिया
पित्ताशयातील खड्यांसाठी पूर्वी बरगडीखाली वीतभर छेद घ्यावा लागे. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी १९९० मध्ये भारतातील पहिली दुर्बिणीची पित्ताशय शस्त्रक्रिया केली. पोटात कार्बन डायऑक्साइड भरून जागा केली जाते. ५ ते १० मिलिमीटरच्या तीन-चार छिद्रांतून कॅमेरा व अवजारे आत जातात. स्नायू फारसे कापले जात नसल्याने वेदना, जखमेतला संसर्ग आणि पुढे हर्निया होण्याचा धोका कमी होतो. रुग्ण बहुधा एक-दोन दिवसांत घरी जातो. वडगाव निंबाळकरसारख्या ऊसपट्ट्यात, जिथे खाडा म्हणजे बुडालेली मजुरी, हा लाभ व्रण न दिसण्यापेक्षा कितीतरी मोठा. तीव्र दाह किंवा चिकटलेले अवयव आढळल्यास मात्र पोट उघडावे लागू शकते. संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी ही शक्यता डॉक्टरांकडून समजून घ्यावी.