अ‍ॅपल टूचे आठ स्लॉट आणि ६४ किलोबाइटची मर्यादा

१९७७ साली आलेल्या अ‍ॅपल टू या घरगुती संगणकात ६५०२ हा प्रोसेसर होता. पत्ता सांगायला त्याच्याकडे सोळाच तारा. म्हणजे एकूण ६५,५३६ पत्ते आणि तितकेच बाइट. हे ६४ किलोबाइटही आधीच वाटले गेलेले: ४८ रॅमला, १२ रॉमला आणि ४ कीबोर्ड, जादा कार्डं बसवायचे स्लॉट वगैरेंना. जादा मेमरी बसवली, तरी तिला पत्ता कुठला द्यायचा?

१९७९ च्या लँग्वेज कार्डाने याचं सुंदर उत्तर दिलं. त्यावरची १६ किलोबाइट रॅम रॉमच्याच पत्त्यांवर बसे. प्रोग्रॅमने एक ठरावीक पत्ता नुसता वाचला, की रॉम बाजूला होऊन रॅम पुढे येई. बारा किलोबाइटच्या जागेत सोळा मावत, कारण चार-चार किलोबाइटचे दोन तुकडे एकाच पत्त्यांवर आळीपाळीने वावरत. पास्कल भाषा या संगणकावर चालली ती याच युक्तीमुळे.

पुढे अ‍ॅपल टू-ई (१९८३) मध्ये सहायक स्लॉट आला. त्यात ६४ किलोबाइटचं कार्ड घातलं की मेमरी १२८ होई. ‘रॅमवर्क्स’सारख्या कार्डांनी तसे अनेक संच रचून एक मेगाबाइट गाठला. प्रोसेसरला मात्र एका वेळी ६४ किलोबाइटच दिसत.

स्टीव्ह वॉझ्निअ‍ॅक यांनी आग्रहाने ठेवलेल्या आठ स्लॉटमध्ये कार्डं एकत्र नांदत, तीही पत्त्यांच्या शिस्तीमुळे. प्रत्येक स्लॉटला स्वतःचे सोळा पत्ते होते. १ ते ७ क्रमांकांच्या स्लॉटना रॉमसाठी आणखी २५६. याशिवाय २ किलोबाइटची जागा सामायिक होती. तिचा शेवटचा पत्ता वाचला, की सर्व कार्डांनी ती सोडायची. एखाद्या कार्डाने हा नियम मोडला, तर दोन कार्डं एकदम उत्तर देत आणि माहिती बिघडे. टू-ईमध्ये सहायक स्लॉटात ८० स्तंभांचं कार्ड असलं, की तिसऱ्या स्लॉटच्या रॉमचे पत्ते संगणक स्वतःकडे घेई. म्हणून स्वतःची रॉम असलेलं कार्ड तिथे सहसा चालत नसे.

मायक्रोसॉफ्टच्या सॉफ्टकार्डाने (१९८०) तर झेड-८० हा दुसरा प्रोसेसरच आत आणला आणि सीपी/एम या कार्यप्रणालीचे प्रोग्रॅम अ‍ॅपलवर चालू लागले. अ‍ॅपलने आपल्या संदर्भपुस्तिकेत विद्युत आराखडे आणि रॉममधील मॉनिटर प्रोग्रॅम छापले होते. त्यामुळे बाहेरच्या कंपन्यांना हे पत्ते आणि नियम नेमके ठाऊक होते. टू-ईचं उत्पादन १९९३ पर्यंत चाललं, त्यात या मोकळेपणाचा वाटा मोठा आहे.