चाकावरचं घर, लेखांक ७ : आधी विनाइल उचला

कुजलेला प्लाय कापून नवा बसवायचं काम आज व्हायचं होतं. ते पुढच्या आठवड्यावर गेलं, कारण भाईंदर पश्चिमेच्या एका वाचकाने असा प्रश्न विचारला आहे की तो आधी निकालात काढल्याशिवाय करवत हातात घेण्यात अर्थ नाही. त्यांचं मोटरहोम सोसायटीच्या आवारात उघड्यावर उभं असतं. जुलैत दारापाशी आणि सिंकखाली जमीन पायाला दबू लागली. गॅरेजवाल्याचा सल्ला असा : आहे त्यावरच १२ एमएमचा मरीन प्लाय ठोका, नवं विनाइल चिकटवा, खालून डांबरी कोटिंग मारा, काम संपलं. गणपतीला कोकणात जायचं आहे, तोवर एवढं करून घेऊ का? माझं उत्तर : अजिबात नको. गळती बंद झाली तरी हा उपाय ती जमीन पुढच्या पावसाळ्यापर्यंत कुजवत ठेवील.

लाकूड कधीच पूर्ण कोरडं नसतं. भोवतालच्या हवेत जेवढा दमटपणा, त्या मानाने ते पाणी धरून बसतं. जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडे हवेची आर्द्रता ८५ टक्क्यांच्या आसपास असते, आणि अशा हवेत ठेवलेलं लाकूड स्वतःच्या कोरड्या वजनाच्या १७-१८ टक्के पाणी धरतं. हे झालं थेंबही न गळलेल्या लाकडाचं. कुजवणाऱ्या बुरशीला साधारण २० टक्क्यांच्या वर पाय रोवता येतात आणि २८-३० च्या पुढे तिला रान मोकळं मिळतं. म्हणजे मीरा-भाईंदरच्या पावसाळ्यात शाबूत प्लायसुद्धा धोक्याच्या रेषेच्या जेमतेम खाली असतो. खिडकीच्या चौकटीतून चहाच्या कपाएवढं पाणी झिरपलं तरी त्याने रेषा ओलांडली. आणि एकदा ओलांडली की त्या हवेत ते पाणी परत जाणार कुठे? 'जरा वारा लागू दे' म्हणून दारं-खिडक्या सताड उघडणं जानेवारीत शहाणपणाचं आहे. जुलैत ते बाहेरची ओल घरात बोलावणं आहे. आपला प्लाय नेमका किती ओला आहे हे ज्यांना बघायचं असेल त्यांनी मऊ जागेतून तळहाताएवढा तुकडा कापून स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर तोलावा. मग ओव्हनमध्ये शंभर अंशांच्या जरा वर, वजन घटायचं थांबेपर्यंत वाळवून पुन्हा तोलावा. ११८ ग्रॅमचा ९४ झाला, तर २४ ग्रॅम पाणी, म्हणजे २५ टक्क्यांच्या वर. असल्या तुकड्यावर काहीही चिकटवलं तरी ते त्या पाण्यावरचं झाकण.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे, आणि ती मला कुठल्याच गॅरेजमध्ये ऐकू येत नाही. मोटरहोमविषयीची बहुतेक पुस्तकं आणि व्हिडिओ थंड देशांतले. तिथे हिवाळ्यात आतली हवा उबदार व दमट असते, बाहेर गारठा. वाफ आतून बाहेर जाऊ पाहते. म्हणून तिथे आतल्या बाजूला वाफ अडवणारा थर घालतात आणि चिकटवलेलं विनाइल ते काम आपोआप करतं. आपल्याकडे पावसाळ्यात हा प्रवास उलटा होतो. बाहेरच्या हवेचा दवबिंदू २५ अंशांच्या आसपास आणि आत एसी २२ वर. बाहेरची वाफ प्लायच्या कडांतून, सांध्यांतून, स्क्रूच्या भोकांतून आत शिरते, थंड विनाइलच्या खालच्या अंगाला जाऊन अडते आणि तिथेच तिचं पाणी होतं. काशीमिरा-घोडबंदर पट्ट्यात चित्रीकरणाला ज्या व्हॅनिटी व्हॅन उभ्या असतात, त्यांच्या जमिनीची जातकुळी हीच. त्यांचा एसी तर दिवसभर चालू असतो. तेव्हा आपल्या हवेत वाफ अडवायची ती खालून आणि कडांना, वरची बाजू मोकळी ठेवून. गॅरेजवाल्याच्या सल्ल्यात खालून डांबर आणि वरून चिकटवलेलं विनाइल, दोन्ही आहेत. दोन्हीकडून बंद केलेल्या ओल्या प्लायला बाहेर पडायची वाटच उरत नाही.

यावर पहिला आक्षेप ठरलेला : 'पण मरीन प्लाय तर वॉटरप्रूफ असतो!' वॉटरप्रूफ असतो तो त्यातला डिंक. आयएस ७१० च्या प्लायचा नमुना ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवला तरी त्याचे पापुद्रे सुटता कामा नयेत, अशी त्याची कसोटी. ती त्या चिकटवणुकीची परीक्षा आहे. लाकूड पाणी पिणार नाही असं तिने कुठेही म्हटलेलं नाही. कापलेली कड तर पृष्ठभागाच्या कितीतरी पट वेगाने पाणी ओढते, आणि मडगार्डच्या कमानीपाशी, जिथे टायरचं पाणी सतत आदळतं, नेमकी तीच कड उघडी सोडलेली असते. मरीन प्लाय घ्याच, कमर्शियलपेक्षा तो चांगलाच. पण प्रत्येक कडेला आणि प्रत्येक भोकाला आतून इपॉक्सी पाजल्याशिवाय त्याचे जास्तीचे पैसे वाया गेले असं समजा.

दुसरा आक्षेप मला मनापासून आवडतो, कारण तो याच गावातला आहे : उत्तन-पाली-चौकच्या होड्या वर्षातले दहा महिने पाण्यात असतात, त्या का कुजत नाहीत? पाण्याखालच्या लाकडाला बुरशीला लागणारी हवा मिळत नाही आणि समुद्राचं मीठही बुरशीला मानवत नाही. तिथला खरा शत्रू लाकूड पोखरणारा किडा. होडी कुजते ती वरून, जिथे पावसाचं गोडं पाणी डेकच्या फटींत साठतं तिथे. लाकडावर फायबरचं कवच चढवलेल्या होडीत असं पाणी कवचाच्या आत गेलं तर फायबर ठणठणीत आणि आतली फळी भुसा, असा प्रकार होतो. चिकटवलेलं विनाइल म्हणजे तेच कवच. मात्र मीठ बुरशीला नको असलं तरी लोखंडाचं ते वैरीच. हवेची आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळतं, त्यामुळे खाडीकाठी उभ्या गाडीच्या चॅसिसवरची मिठाची पुटं पावसाळाभर ओलीच राहतात. साधे स्क्रू गंजून भोकं सैल होतात आणि पाण्याला नवी वाट मिळते. इथे ३१६ ग्रेडचे स्टेनलेस स्क्रू वापरावेत. ३०४ सुद्धा समुद्राजवळ डागाळतात.

मग गणपतीचं काय? विनाइल उचला आणि गुंडाळून ठेवा. एकाने आत टॉर्च घेऊन बसायचं, दुसऱ्याने पाण्याचा पाइप खालून वर न्यायचा : आधी मडगार्ड, मग दाराचा उंबरा, मग खिडक्या, शेवटी छत, प्रत्येक ठिकाणी दहा-दहा मिनिटं. वरून सुरुवात केलीत तर पाणी सगळीकडून ओघळेल आणि काहीच कळणार नाही. पाणी चॅनेलवरून वाहत उताराकडच्या कोपऱ्यात साठतं, म्हणून मऊ जागा आणि गळकी जागा एकच असेल असं धरून चालू नका. एसीच्या पाण्याची नळीही तपासा. दमट दिवसांत दीड टनाचा एसी तासाला लिटरभर पाणी सहज काढतो, आणि ते जमिनीखाली सांडत असेल तर बाकी सगळी शोधाशोध फुकट. गळती पीयू सीलंटने बंद करा. सिलिकॉन नको, त्याच्या उरलेल्या थरावर पुढे दुसरं काही चिकटत नाही. मग खिडक्या बंद करून एसी ड्राय मोडवर रोज काही तास चालवा; आतली आर्द्रता ५०-५५ वर आली की पावसाळ्यातही प्लाय वरच्या बाजूने वाळू लागतो. मऊ जागेवर चॅनेल ते चॅनेल पोहोचेल असा ॲल्युमिनियमचा चेकर्ड पत्रा नुसता स्क्रूने बसवा, चिकटवू नका. एवढ्यावर कोकणात जाऊन याल. खालचं कोटिंग डिसेंबर-जानेवारीत, काट्यावरचा तुकडा १२ टक्क्यांच्या आसपास आल्यावरच.

वाळवूनही जिथे स्क्रूड्रायव्हर आत घुसतो तो प्लाय मात्र गेलेलाच. त्या जागेभोवती आत्ताच खडूने रेघ मारून ठेवा. पुढच्या आठवड्यात, या खेपेला नक्की, त्या रेघेच्या बाहेर किती कापायचं तिथून सुरुवात करू.