सिंहगड रोड ते ईवुड पार्क

पुण्यात सिंहगड रोडवर वेंकटेश्वर हाउस आहे. अंड्यांचा रोजचा भाव पाहणाऱ्या पोल्ट्रीवाल्यांना हे नाव नवं नाही. बी. व्ही. राव यांनी 1971 साली उभी केलेली वेंकटेश्वर हॅचरीज आणि पुढे एनईसीसी या अंडी समन्वय समितीची चळवळ, दोन्हींनी इथल्या कुक्कुटपालनाचं रूप बदलून टाकलं. या घराण्याचा दुसरा पसारा मात्र पुणेकरांच्या गप्पांत फारसा येत नाही. इंग्लंडच्या लँकेशायरमधला ब्लॅकबर्न रोव्हर्स हा फुटबॉल क्लब नोव्हेंबर 2010 पासून त्यांच्या मालकीचा आहे. किंमत होती 2 कोटी 30 लाख पाउंड, आणि क्लबच्या डोक्यावरचं कर्ज वेगळं.

रोव्हर्स 1875 चा. 1888 साली फुटबॉल लीग सुरू झाली तेव्हाच्या बारा संस्थापक क्लबांपैकी एक. ब्लॅकबर्न हे कापूस गिरण्यांचं गाव; गिरण्या जोरात होत्या तेव्हा, 1912 आणि 1914 मध्ये, क्लब देशाचा विजेता होता. नंतर गिरण्या गेल्या आणि क्लबही दुसऱ्या श्रेणीत रुतून बसला. त्याला बाहेर काढलं जॅक वॉकर या गावच्याच पोलादवाल्याने. वॉकरने आपली कंपनी ब्रिटिश स्टीलला विकली आणि हाती आलेला पैसा लहानपणापासूनच्या आवडत्या क्लबात ओतला. ऑक्टोबर 1991 मध्ये केनी डॅल्ग्लिश व्यवस्थापक म्हणून आला तेव्हा संघ दुसऱ्या श्रेणीत होता. 1992 मध्ये प्ले-ऑफमधून बढती मिळाली, त्याच उन्हाळ्यात ॲलन शिअररला ब्रिटिश विक्रमी किमतीत आणलं, दोन वर्षांनी ख्रिस सटनसाठी 50 लाख पाउंड मोजून आणखी एक विक्रम केला, आणि 14 मे 1995 रोजी रोव्हर्स प्रीमियर लीगचा विजेता ठरला. त्या दिवशी ॲनफिल्डवर ते लिव्हरपूलकडून 2-1 हरले होते. मँचेस्टर युनायटेडला वेस्ट हॅमने बरोबरीत रोखलं म्हणून करंडक हाती आला. ईवुड पार्क या क्लबच्या मैदानाबाहेर वॉकरचा पुतळा आहे. वॉकर 2000 साली गेला.

1991 ते 1995 या चार वर्षांत वॉकरने जे केलं त्यात नियमबाह्य काहीच नव्हतं, कारण तसा नियमच नव्हता. मालकाच्या खिशात पैसा आहे, तो खर्च करायला राजी आहे, विषय संपला. आज तोच वॉकर परत आला तर त्याला पहिल्याच वर्षी लीगच्या कचेरीतून पत्र येईल.

वेंकटेश्वरवाल्यांनी, म्हणजे तिकडच्या भाषेत वेंकीजनी, क्लब घेतल्यावर काय झालं हे इंग्लंडमधल्या कोणत्याही क्रीडा पत्रकाराला झोपेतून उठवून विचारा. महिन्याभरात सॅम ॲलर्डाइस या मुरलेल्या व्यवस्थापकाला काढलं, स्टीव्ह कीनला बसवलं. फुटबॉलपटू कोंबडीवर ताव मारताहेत अशी जाहिरात निघाली. ऑक्टोबर 2011 मध्ये संघ पुण्यात येऊन पुणे एफसीशी सामनाही खेळून गेला. 7 मे 2012 रोजी ईवुडवर विगनविरुद्ध सामना सुरू असताना कुणीतरी क्लबचा झेंडा गुंडाळलेली जिवंत कोंबडी मैदानात सोडली. सामना 1-0 ने गेला आणि रोव्हर्स दुसऱ्या श्रेणीत, म्हणजे चॅम्पियनशिपमध्ये घसरला. हा सारा भाग मालकांच्या अननुभवाचा. त्यात नियमांना दोष देण्यासारखं काही नाही.

नियम आला तो याच सुमारास. एप्रिल 2012 मध्ये चॅम्पियनशिपच्या क्लबांनी आर्थिक शिस्तीची चौकट मान्य केली आणि महिन्याभरात रोव्हर्स त्याच श्रेणीत येऊन दाखल झाला. योग असा की वरून पडलेला हा संघ पुन्हा वर जाण्यासाठी जे करणार होता, नेमकं तेच आता मोजलं जाणार होतं. ऑगस्टमध्ये त्यांनी हडर्सफिल्डचा गोलवीर जॉर्डन ऱ्होड्स 80 लाख पाउंडांना घेतला. आदल्या हंगामापर्यंत तिसऱ्या श्रेणीत खेळलेल्या खेळाडूसाठी ही रक्कम तेव्हा डोळे विस्फारणारी होती. त्याच हंगामात हेनिंग बर्ग 57 दिवसांत आणि मायकल ॲपलटन 67 दिवसांत व्यवस्थापकपदावरून गेले. बर्गला तर करारातले पैसे द्यावे लागले.

हा नियम मालकाकडे किती पैसा आहे हे विचारतच नाही, बाहेरच्या माणसाला इथेच गोंधळायला होतं. तो विचारतो, क्लबचा तोटा किती. 2013-14 च्या हंगामासाठी मर्यादा होती 80 लाख पाउंड, आणि त्यातलेही 50 लाख मालकाने कर्ज म्हणून न देता भागभांडवल म्हणून घातले तरच. रोव्हर्सचा त्या वर्षीचा तोटा 4 कोटी पाउंडांच्या पुढे होता. डिसेंबर 2014 मध्ये लीड्स युनायटेड आणि नॉटिंगहॅम फॉरेस्टबरोबर त्यांच्यावर खेळाडू खरेदीची बंदी आली. किंमत देऊन कुणाला आणायचं नाही. फुकटचा किंवा उसना खेळाडूसुद्धा अटींवर.

आता त्याच हंगामाची दुसरी बाजू पाहा. 2013-14 मध्ये रोव्हर्स आठवा आला, प्ले-ऑफला दोन गुण कमी पडले. लेस्टर सिटी पहिला आला. क्वीन्स पार्क रेंजर्सने वेम्बलीवर शेवटच्या मिनिटाला बॉबी झमोराच्या गोलने डर्बी काउंटीला हरवलं आणि वर गेला. या दोघांवरही त्याच हंगामातल्या खर्चाबद्दल ठपका होता. पण वर गेलेल्यांवर खरेदीबंदी नव्हती, त्यांना दंड होता, आणि तोही वकिलांच्या भांडणात 2018 पर्यंत लांबला. लेस्टरने 31 लाख पाउंड भरून विषय मिटवला. मधल्या काळात तो इंग्लंडचा विजेता होऊन बसला होता. रेंजर्सना तडजोडीत 4 कोटी 20 लाखांच्या आसपास फटका बसला, पण त्यातला निम्म्याहून मोठा भाग मालकांच्या कर्जाचं भांडवलात रूपांतर करण्याचा होता. हा निकाल वाचून मला तरी नियमाचा अर्थ एवढाच लागला: तोटा करायचाच असेल तर जिंकून करा.

हरलेल्यांचं काय होतं ते पुढची दोन वर्षं ईवुडवर दिसलं. गॅरी बोयर या शांत स्वभावाच्या व्यवस्थापकाने बंदीतही संघ नववा आणला, एफए कपमध्ये स्टोकला 4-1 आणि स्वान्सीला हरवून लिव्हरपूलला दुसऱ्या सामन्यापर्यंत खेचलं. मग संघाची मोडतोड सुरू झाली. टॉम केर्नी फुलमला, रूडी गेस्टेड ॲस्टन व्हिलाला, जॉश किंग करार संपताच बोर्नमथला. डिसेंबर 2015 मध्ये बंदी उठली, तोवर बोयरला काढलेलं होतं, आणि दोन महिन्यांत ऱ्होड्स मिडल्सब्रोला गेला. मे 2017 मध्ये शेवटच्या दिवशी रोव्हर्सने ब्रेंटफर्डला 3-1 हरवलं, फॉरेस्टइतकेच 51 गुण झाले, आणि गोलफरकावर ते तिसऱ्या श्रेणीत गेले. प्रीमियर लीग जिंकलेला क्लब एवढा खाली जाण्याची ती पहिलीच वेळ.

गंमत म्हणजे खालच्या श्रेणीत नियम सैल होता. तिथे तोटा मोजत नसत. खेळाडूंचे पगार उलाढालीच्या साठ टक्क्यांत बसवा म्हणत, आणि मालकाने घातलेलं भांडवल उलाढालीत धरत. म्हणजे सिंहगड रोडवरून आलेला पैसा तिसऱ्या श्रेणीत उत्पन्न ठरायचा आणि दुसऱ्या श्रेणीत तोट्याची भरपाई. टोनी मोब्रेच्या हाताखाली रोव्हर्स एका वर्षात, एप्रिल 2018 मध्ये, परत वर आले.

परतले तेव्हा मोजपट्टी बदललेली होती. आता तीन वर्षांचा एकत्र हिशेब धरतात: एकूण 3 कोटी 90 लाख पाउंड तोटा चालतो, तोही मालक भांडवल घालणार असेल तर, नाहीतर दीड कोटी. प्रीमियर लीगमध्ये हाच आकडा साडेदहा कोटी होता. अकादमी, महिला संघ, सामाजिक काम, बांधकाम यांवरचा खर्च तोट्यातून वगळतात. शिक्षाही बदलली. बंदीऐवजी गुण कापायचे, आणि 2019 मध्ये बर्मिंगहॅम सिटीचे नऊ गुण कापून लीगने ते करून दाखवलं.

या हिशेबात खेळाडू कसा दिसतो हे समजलं की क्लबांचं विचित्र वागणं उलगडतं. समजा 80 लाखांना खेळाडू घेतला आणि करार चार वर्षांचा आहे, तर वर्षाला 20 लाख खर्ची पडतात. दोन वर्षांनी तो 50 लाखांना विकला तर वहीत अजून 40 लाख शिल्लक असतात, म्हणून नफा फक्त 10 लाख. पण मुलगा आपल्याच अकादमीतून आलेला असेल तर वहीत त्याची किंमत शून्य. घरच्या गोठ्यात जन्मलेलं वासरू बाजारात नेल्यासारखं, येईल ती रक्कम सगळी नफ्यात.

ॲडम व्हॉर्टन ब्लॅकबर्नमध्येच जन्मला, रोव्हर्सच्याच अकादमीत वाढला. डाव्या पायाचा मिडफिल्डर, मान वर करून खेळणारा. 1 फेब्रुवारी 2024 ला क्रिस्टल पॅलेसने त्याला 1 कोटी 80 लाख पाउंड अधिक बोनसवर नेलं. त्या वेळी संघ खालच्या टोकाकडे घसरत होता. काही महिन्यांत व्हॉर्टन इंग्लंडच्या युरो संघात गेला, आणि रोव्हर्स लेस्टरमध्ये अखेरच्या दिवशी 2-0 जिंकून कसाबसा एकोणिसावा राहिला. त्या हंगामात चॅम्पियनशिपमध्ये सर्वाधिक, 27 गोल करणारा सॅमी स्मॉडिक्सही ऑगस्टमध्ये इप्सविचला गेला. ज्यांच्या जोरावर बढतीचं स्वप्न पाहायचं त्यांनाच विकून हिशेब जुळवायचा, हे या श्रेणीतलं रोजचं काम झालं आहे. स्थानिक पोरांवर पैसा लावा म्हणून अकादमीचा खर्च वगळणारा नियमच त्या पोरांना विकायला सगळ्यात फायदेशीर माल करून ठेवतो.

खेळाडू विकायचे नसतील तर दुसरा एक मार्ग बराच काळ खुला होता: मैदान विकणं. तेही स्वतःलाच. 27 मे 2019 ला वेम्बलीवर प्ले-ऑफची अंतिम लढत झाली, ॲस्टन व्हिला विरुद्ध डर्बी काउंटी. डर्बीच्या मालकाने प्राइड पार्क 8 कोटींहून अधिक पाउंडांना आपल्याच कंपनीला विकलेलं होतं. व्हिलाच्या मालकांनी त्याच महिन्यात व्हिला पार्क 5 कोटी 67 लाखांना तसंच फिरवलं. व्हिला 2-1 जिंकला, आणि पुढे युरोपात खेळू लागला. डर्बी 2021 मध्ये दिवाळखोर प्रशासनात गेला, प्रशासनाचे बारा आणि हिशेबातल्या गडबडीचे नऊ असे 21 गुण गमावून तिसऱ्या श्रेणीत उतरला. दोघांनी एकच युक्ती केली होती. फरक एका सामन्याचा. रोव्हर्सनेही आपलं ब्रॉकहॉलचं प्रशिक्षण केंद्र मालकांच्याच दुसऱ्या कंपनीला विकून वही सावरली. नंतर लीगने ही फट बुजवली.

नियम नकोच, असं म्हणणाऱ्यांनी ब्लॅकबर्नजवळच्या बरी गावाकडे पाहावं. तिथला क्लब एका पाउंडाला विकला गेला आणि ऑगस्ट 2019 मध्ये लीगमधून काढला गेला. तेव्हा लगाम हवा, याबद्दल वाद नाही. पण चॅम्पियनशिपच्या हंगामाची मर्यादा सगळ्यांना सारखी असली तरी उत्पन्न सारखं नसतं. प्रीमियर लीगमधून नुकत्याच उतरलेल्या क्लबाला तीन वर्षांपर्यंत ‘पॅराशूट’ रक्कम मिळते, पहिल्या वर्षी वरच्या श्रेणीतल्या प्रक्षेपण वाट्याच्या 55 टक्के. ती कोट्यवधी पाउंडांत जाते आणि रोव्हर्सच्या सगळ्या वर्षाच्या उलाढालीपेक्षा मोठी भरते. चॅम्पियनशिपच्या वर्षात तोटा दोघांनाही तेवढाच करायचा. पण एकाच्या तिजोरीत आधीच दुप्पट उत्पन्न. मग बहुतेक वर्षी नुकतेच खाली आलेले क्लब पुन्हा वर जातात यात नवल ते काय. ईवुडवर 31 हजार खुर्च्या आहेत आणि बहुतेक सामन्यांना निम्म्या रिकाम्या असतात. अशा गावाचा संघ तिकिटांवर हे अंतर कापू शकत नाही.

रोव्हर्स तरी दोनदा अगदी दारापर्यंत गेला. 2022-23 मध्ये सातवा, संडरलँडइतकेच 69 गुण, पुन्हा गोलफरक आडवा आला. त्या जानेवारीत एका मिडफिल्डरला उसना आणण्याची कागदपत्रं वेळेत पोचली नव्हती. 2024-25 मध्ये परत सातवा, दोन गुण कमी. या वेळी फेब्रुवारीत संघ वरच्या फळीत असताना व्यवस्थापक जॉन युस्टेस निघून गेला, आणि गेला कुठे तर याच श्रेणीच्या तळाशी झगडणाऱ्या डर्बीत.

वेंकीजनी आजवर या क्लबात 20 कोटी पाउंडांहून जास्त घातले आहेत, हे त्यांचे टीकाकारही मान्य करतात. पण गेली काही वर्षं अडचण लीगच्या नियमापुरती राहिलेली नाही. भारतात ईडीची चौकशी सुरू झाल्यापासून क्लबला पैसे पाठवायचे तर दिल्ली उच्च न्यायालयाची परवानगी लागू लागली, आणि पाठवायची तेवढ्याच रकमेची बँक हमी. लँकेशायरमधले प्रेक्षक दिल्लीतल्या सुनावणीच्या तारखा पाठ करू लागले.

म्हणून 2025 च्या उन्हाळ्यातला एक निर्णय मला सगळ्यात बोलका वाटतो. रोव्हर्सने आपला महिला संघ दुसऱ्या श्रेणीतून काढून घेतला आणि तो चौथ्या श्रेणीत गेला. वर सांगितलंच की महिला फुटबॉलवरचा खर्च तोट्याच्या मोजणीत धरतच नाहीत. तो वाचवून लीगच्या हिशेबात एका पाउंडाचाही फायदा होत नाही. ही काटकसर फक्त रोख पैशाची होती. कीरा वॉल्श, एला टून आणि जॉर्जिया स्टॅनवे या तिघी रोव्हर्सच्याच मुलींच्या संघांतून पुढे आल्या. संघ मागे घेतला त्याच उन्हाळ्यात, 27 जुलैला, तिघींच्या इंग्लंडने बाझलमध्ये स्पेनला पेनल्टींवर हरवून युरोपचं विजेतेपद राखलं.