भट्टीची उष्णता आणि प्रबंधाचे कपाट

जालन्याच्या औद्योगिक वसाहतीवरून रात्री जाणाऱ्यास पोलादाच्या भट्ट्यांचा तांबूस उजेड दुरूनच दिसतो. भंगार वितळवून त्याच्या सळया करण्याचा हा धंदा विजेवर जगतो. एक टन पोलाद १६०० अंश सेल्सिअसवर नेण्यास तत्त्वतः ४०० युनिटांच्या आसपास वीज पुरावी. प्रत्यक्षात साडेपाचशे-सहाशे युनिटे सहज खर्ची पडतात. उरलेली ऊर्जा भट्टीच्या भिंतींतून, मळीतून आणि तांब्याचे वेटोळे थंड ठेवणाऱ्या पाण्यातून निघून जाते. एवढ्यावरही भागत नाही. ओतलेले बिलेट जेथे थेट रोलिंगला न जाता अंगणात निवते, तेथे टनामागे आणखी दीड-पावणेदोनशे युनिटांची उष्णता हवेत विरते आणि तेच बिलेट पुन्हा इंधन जाळून तापवावे लागते.

याच शहरात २०१८ साली मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेचे मराठवाडा केंद्र सुरू झाले. उष्मागतिकी शिकणारा विद्यार्थी आणि उष्णता उधळणारी भट्टी एका गावात नांदू लागली, हा योग दुर्मीळच म्हणावयाचा. परंतु ऊर्जासाठवण म्हटली की आपल्या विद्यार्थ्याच्या डोळ्यांपुढे लिथियमची बॅटरीच उभी राहते. बॅटरीचे महत्त्व कोण नाकारील? तथापि उष्णताही साठविता येते, आणि जालन्याचा प्रश्न मुख्यतः उष्णतेचा आहे.

येथे उष्मागतिकीचा दुसरा नियम आडवा येतो. उष्णता किती आहे एवढे पाहून चालत नाही. ती कोणत्या तापमानाची आहे हे पाहावे लागते. भोवती ३० अंश असताना १०० अंशांच्या उष्णतेतून आदर्श यंत्रही शेकडा १९ भागांहून अधिक काम काढू शकत नाही. ६०० अंशांवर हीच मर्यादा ६५ होते. वेटोळ्यातून पन्नास-साठ अंशांपर्यंत तापून येणाऱ्या पाण्यापासून वीज करू पाहणे म्हणूनच आतबट्ट्याचे. पण जालना हे बियाण्यांचेही गाव आहे. बद्रिनारायण बारवाले यांनी १९६४ साली ‘महिको’ येथेच उभी केली. बियाणे वाळविण्यास ४० अंशांच्या आसपासची हवा लागते. ती फार तापली तर उगवणशक्तीच जाते. जी उष्णता विजेला कुचकामी, ती बियाण्याला नेमकी!

अडचण वेळेची आणि अंतराची. भट्टीच्या पाळ्या आणि बियाण्यांचा हंगाम एकमेकांस विचारून येत नाहीत. एक टन पाणी ६० अंशांवरून ४५ वर उतरताना जेमतेम १७ युनिटांइतकी उष्णता देते. म्हणजे टाकी मोठी हवी. तापभट्टीच्या धुराने ५०० अंशांपर्यंत तापविलेली टनभर मळी १०० अंशांवर निवताना ९० युनिटांच्या घरात देईल. हे कल्पनेतले इमले नव्हेत. फिनलंडमधील कांकानपा गावी २०२२ पासून सुमारे १०० टन वाळूत उष्णता साठवून घरे उबदार ठेवली जातात. पोलादाच्या मळीवर युरोपात असे प्रयोग झाले आहेत. आपली मळी किती वेळा तापून-निवून तडकते, नळ केवढ्या अंतरापर्यंत परवडतो, हे मात्र येथेच मोजावे लागेल. प्रबंधाला याहून चांगला विषय कोणता?

कार्नोने १८२४ साली, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, या शास्त्राचा पाया घालणारे पुस्तक लिहिले. ते जवळजवळ कोणी वाचले नाही. १८३२ मध्ये तो पटकीने गेला आणि दोन वर्षांनी क्लापेरॉनने ते उजेडात आणले. आपल्याकडे २००९ च्या नियमांमुळे पीएच. डी.चे प्रबंध निदान ‘शोधगंगा’वर कोणासही वाचता येतात. एम. टेक.च्या प्रबंधांना ते भाग्य नाही. ते बहुधा विभागाच्या कपाटातच राहतात. त्यांचा दोन पानी मराठी सारांश ज्या कारखान्यात मोजमाप झाले तेथील फोरमनच्या हाती पडावा, आणि कारखानदारानेही आपली मीटरची वही विद्यार्थ्यापुढे उघडावी. वीजबिलाचा आकडा तो नाहीतरी दरमहा भरतोच आहे.