दूरचित्रवाणी : दर्शन-अंतर

दूरचित्रवाणी संचाचा पडदा व प्रेक्षकाचे डोळे यांमधील अंतर. योग्य दर्शन-अंतर मुख्यतः चित्राची उंची व त्यातील आडव्या रेषांची संख्या यांवरून ठरते. निर्दोष डोळ्याला सामान्यतः १ कला (अंशाचा साठावा भाग) एवढ्या कोनाइतका सूक्ष्म तपशील ओळखता येतो. चित्रातील एक रेषा डोळ्याशी एवढाच कोन करील ते अंतर योग्य होय. त्याहून जवळ बसल्यास रेषा सुट्या दिसू लागतात. दूर बसल्यास तपशील जाणवेनासा होतो.

मुंबई केंद्राचे प्रक्षेपण १९७२ मध्ये ६२५ रेषांच्या पद्धतीने सुरू झाले. त्यांपैकी सु. ५७५ रेषाच चित्रात येत. त्यामुळे चित्राच्या उंचीच्या सु. सहापट अंतर योग्य ठरे. हे गुणोत्तर १,०८० रेषांच्या चित्रास सु. ३·२, तर २,१६० रेषांच्या चित्रास सु. १·६ येते. १४० सेंमी. कर्णाच्या व १६ : ९ प्रमाणाच्या पडद्याची उंची सु. ६८ सेंमी. असते, त्यासाठी ही अंतरे अनुक्रमे सु. २·२ मी. व १·१ मी. होतात. साहजिकच ३ मी. अंतरावरून पाहणाऱ्यास या दोहोंच्या रेषासंख्येतील फरक सहसा ओळखू येत नाही व अधिक रेषांसाठी केलेला खर्च वाया जातो. कमी रेषांचे जुने चित्रण मोठ्या पडद्यावर पाहताना मात्र दूर बसणेच इष्ट असते.

फार जवळून दीर्घकाळ पाहिल्यास डोळे थकतात. मूल वारंवार पडद्याजवळ जात असल्यास ते ऱ्हस्वदृष्टीचे (लांबचे अस्पष्ट दिसण्याच्या दोषाचे) लक्षण असू शकते. अशा वेळी त्यास केवळ मागे बसविणे पुरेसे नसून नेत्रतपासणी करणे आवश्यक असते.