भाकर एक, खाणारे अनेक : चर्चमधलं प्रभुभोजन म्हणजे नेमकं काय?

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या कितीतरी गावांत मारुतीच्या देवळापासून थोड्या अंतरावर एखादं छोटं चर्च दिसतं. काही ठिकाणी पत्र्याचं, काही ठिकाणी जुन्या दगडी बांधकामाचं. आपले शेजारी, शाळेतले मित्र, शेतावर सोबत राबणारी माणसं रविवारी तिथं जातात. नाताळची फराळाची ताटंही आपल्या घरी येतात. पण आत रविवारी नेमकं काय चालतं, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. "तिथं दारू देतात म्हणे", "भाकरीचा तुकडा खाल्ला की धर्म बदलतो म्हणे" अशा ऐकीव गोष्टीच जास्त फिरतात.

म्हणून आज प्रभुभोजनाविषयी समजून घेऊ. ख्रिस्ती उपासनेचा हा गाभा आहे. एवढ्याशा तुकड्यानं पोट भरत नाही. तरी लोक त्यासाठी का जातात, आणि तिथून काय घेऊन येतात?

प्रभुभोजनात काय असतं?

दोनच वस्तू असतात : भाकर आणि द्राक्षारस. मराठी बायबलमध्ये 'भाकर' हाच शब्द आहे. प्रत्यक्षात बाजरी-ज्वारीची भाकरी नसते, गव्हाचा पाव किंवा पोळीसारखा पातळ पदार्थ असतो. कॅथलिक चर्चमध्ये गव्हाची, खमीर न घातलेली गोल पातळ चकती देतात.

आता 'दारू'चं बघू. आपल्याकडच्या बऱ्याच प्रोटेस्टंट चर्चमध्ये साधा द्राक्षांचा रस वापरतात. कॅथलिक चर्चमध्ये द्राक्षांपासून बनवलेली शुद्ध वाइन लागते, पण ती अगदी थोडी असते आणि बहुतेक वेळा फक्त फादर घेतात. बाकीच्यांना चकती मिळते. म्हणजे नशापाण्याचा इथं काही संबंध नाही.

नावंही वेगवेगळी आहेत. प्रोटेस्टंट लोक 'प्रभुभोजन' किंवा 'सहभागिता' म्हणतात. कॅथलिक लोक 'मिस्सा'ला जातात आणि तिथं 'कम्युनियन' घेतात. कॅथलिकांकडे मिस्सा दर रविवारी, काही ठिकाणी रोजही होतो. प्रोटेस्टंट मंडळ्यांत प्रभुभोजन बहुधा महिन्यातून एकदा असतं. एका पाळकाकडे अनेक गावं असली, तर लोकांना त्यांच्या फेरीची वाट बघावी लागते.

ही प्रथा आली कुठून?

येशू ख्रिस्त यहुदी होते. मिसर देशातल्या गुलामगिरीतून सुटका झाल्याची आठवण म्हणून यहुदी लोक वल्हांडण सण पाळतात. त्या दिवसांत बेखमीर भाकर खातात. वधस्तंभावर चढवलं जाण्याच्या आदल्या रात्री येशूंनी आपल्या बारा शिष्यांसोबत जेवण केलं. भाकर हातात घेऊन देवाचे आभार मानले, ती मोडली आणि सगळ्यांना वाटली. हे माझं शरीर आहे, माझ्या आठवणीसाठी असंच करत राहा, असं सांगितलं. मग एकच प्याला सगळ्यांत फिरवला.

गुड फ्रायडेच्या आदल्या गुरुवारी ख्रिस्ती लोक या रात्रीची आठवण करतात. बऱ्याच चर्चमध्ये त्या दिवशी फादर किंवा पाळक काही जणांचे पाय धुतात, कारण त्या रात्री येशूंनी शिष्यांचे पाय धुतले होते. जो गुरू, त्यानंच चाकराचं काम केलं.

त्या भाकरीत ख्रिस्त नेमका कसा असतो, यावर चर्चमध्ये मतभेद आहेत. कॅथलिक मानतात की प्रार्थनेनंतर ती भाकर खरोखर ख्रिस्ताचं शरीर होते. अनेक प्रोटेस्टंट मानतात की भाकर ही आठवण आणि खूण आहे, आणि विश्वासानं घेणाऱ्याला ख्रिस्ताची सोबत मिळते. एका गोष्टीवर मात्र सगळ्यांचं एकमत आहे : हे जेवण एकट्यानं करायचं नाही.

एका गावातलं जुनं भांडण

ही गोष्ट समजायला जवळजवळ दोन हजार वर्षं मागं जाऊ. ग्रीस देशात करिंथ नावाचं बंदराचं शहर होतं. तिथल्या ख्रिस्ती मंडळीत श्रीमंत होते, मजूर होते, गुलामही होते. तेव्हा प्रभुभोजन म्हणजे खरंच पूर्ण जेवण असायचं. व्हायचं काय, तर ज्यांच्या घरचं भरपूर असायचं ते लवकर येऊन आपलं आणलेलं खाऊन घ्यायचे. गरीब मात्र उपाशीच राहायचे.

हे कळल्यावर प्रेषित पौलानं इसवी सन ५५ च्या सुमारास त्यांना पत्र लिहिलं. ते आजही बायबलमध्ये आहे. त्याचा रोख साधा होता : तुमच्यात एक जण भुकेला आणि दुसरा पिऊन तर्र असेल, तर तुम्ही करता ते प्रभूचं भोजन नव्हेच. नुसतं खायचंच असेल तर घरं नाहीत का? एकमेकांसाठी थांबा. आणि आधी स्वतःला तपासून बघा.

आपल्याकडं पंगतीत एखाद्याचं पान मुद्दाम वेगळं मांडलं, की त्या अन्नाची चव जाते. पौलाचं म्हणणं तेच होतं. शेजारच्याला बाजूला सारून घेतलेला घास आत्म्याला लागत नाही.

आधी समेट, मग भाकर

म्हणूनच प्रभुभोजनाच्या आधी पापांची कबुली आणि क्षमेची प्रार्थना होते. कॅथलिक मिस्सामध्ये भाकर घेण्याआधी लोक आजूबाजूच्यांना हात जोडून शांतीचा नमस्कार करतात. येशूंची शिकवणही अशीच आहे : देवाला अर्पण करायला आलास आणि भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे असं आठवलं, तर आधी जा, त्याच्याशी समेट कर आणि मग ये.

खेड्यात ही गोष्ट सोपी नाही. बांधावरून भांडण, पाण्याच्या पाळीवरून बोलाचाली, भाऊबंदकीची कोर्टातली तारीख, आणि रविवारी तोच भाऊ शेजारच्या बाकावर! अशा वेळी काही जण प्रभुभोजन घेत नाहीत, बसून राहतात. काही जण मात्र त्याच निमित्तानं वर्षानुवर्षांचा अबोला सोडतात. तुकडा छोटा असला तरी तो घ्यायला पुढं जाणं छोटं काम नाही.

एक प्याला आणि जात

अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनचं काम १८३१ मध्ये सुरू झालं. त्या काळात गावचा पाणवठा जातीनुसार वेगळा होता. महार, मांग समाजातल्या माणसाच्या हातचं पाणी सवर्ण घेत नसत. अशा काळात सगळ्यांनी एकाच भाकरीतलं खायचं, एकाच प्याल्यातून घ्यायचं, ही किती मोठी गोष्ट होती याचा विचार करा.

कवी ना. वा. टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई टिळक यांनी १९०० मध्ये बाप्तिस्मा घेतला. सोवळ्याओवळ्यात वाढलेल्या लक्ष्मीबाईंच्या मनातून शिवाशिव जायला वेळ लागला, आणि हे त्यांनी 'स्मृतिचित्रे'त मोकळेपणानं सांगितलं आहे. चर्चमध्ये आल्यावर जात आपोआप गळून पडते असं नाही. आजही लग्न जुळवताना अनेक ख्रिस्ती घरांत जात बघतात. पण प्रभुभोजनाच्या मेजासमोर वेगळी रांग लावता येत नाही, आणि कुणी लावलीच तर पौलाचं पत्र त्याला आडवं येतं.

आपल्याकडं सप्ताहाच्या शेवटी काला होतो. वारकरी एकमेकांच्या तोंडात घास भरवतात, तिथं लहानथोर कोणी नसतो. दोन्हींचा अर्थ आणि श्रद्धा वेगळी आहे. पण सोबत खाल्ल्याशिवाय माणूस जवळ येत नाही, हे दोन्हीकडं ओळखलेलं आहे.

जो येऊ शकत नाही, त्याचं काय?

इसवी सन १५० च्या सुमारास रोम शहरात जस्टिन नावाच्या ख्रिस्ती लेखकानं रविवारच्या उपासनेचं वर्णन लिहून ठेवलं. त्यात दोन गोष्टी आहेत. जे हजर नाहीत त्यांच्याकडं ती भाकर पोचवली जायची. आणि ऐपतीप्रमाणं जमा झालेली वर्गणी अनाथ, विधवा, आजारी आणि कैदेत असलेल्यांसाठी वापरली जायची.

ही रीत अजून चालू आहे. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसाकडं फादर किंवा पाळक घरी जातात, प्रार्थना करतात, भाकर देतात. मुलं पुण्या-मुंबईला, घरात एकटी आजी. तिच्यासाठी त्या भेटीचा अर्थ एवढाच, की मंडळी तिला विसरलेली नाही. 'मंडळी' हा मराठी ख्रिस्ती शब्दच बघा ना. चर्च म्हणजे इमारत, पण मंडळी म्हणजे माणसं.

शेजारी म्हणून गेलात तर

लग्न, अंत्यविधी, नाताळ किंवा श्रीरामपूर तालुक्यातल्या हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेच्या निमित्तानं तुम्ही चर्चमध्ये गेलात, तर एवढं लक्षात ठेवा :

– उपासनेला कोणीही बसू शकतं. भाकर मात्र साधारणपणे बाप्तिस्मा झालेले लोकच घेतात. कॅथलिक चर्चमध्ये ती कॅथलिकांसाठीच असते. नियम माहीत नसेल तर आधी विचारा.

– जागेवर बसून राहिलात तरी कोणी वाईट मानत नाही.

– हा प्रसादासारखा घरी न्यायचा पदार्थ नाही. ती भाकर तिथंच खायची असते, खिशात ठेवली तर लोकांचं मन दुखतं.

– धर्म भाकरीच्या तुकड्यानं बदलत नाही. ख्रिस्ती होण्याची खूण बाप्तिस्मा ही आहे, आणि त्याआधी शिक्षण व स्वतःचा निर्णय असतो.

– त्या वेळी मोबाइल बंद ठेवा, फोटो काढू नका.

उपासना संपली की लोक लगेच पांगत नाहीत. अंगणात उभं राहून कुणाच्या आजारपणाची, कुणाच्या कांद्याच्या भावाची, कुणाच्या लेकीच्या दहावीची चौकशी चालते. तेही त्या भोजनाचाच भाग आहे, असं जुने लोक मानतात. मागच्या रविवारी कोण आलं नव्हतं, हेही तिथंच लक्षात येतं. मग कुणीतरी त्याच्या घराकडं वळतं.