बसतं, पण चालत नाही

डोंबिवलीच्या आमच्या घरात बेडरूमच्या एका कोपऱ्यात माझं डीटीपीचं काम चालतं. लग्नपत्रिका, शाळांच्या स्मरणिका आणि श्रावण लागला की दिवाळी अंक. २०२३ साली नेमकी त्याच सुमारास जुन्या कॉम्प्युटरने मान टाकली. अधिक श्रावण होता म्हणून एक महिना जास्तीचा हाताशी होता. तेव्हा ठरवलं, भाग आणून मशीन घरीच जोडायचं. पैसे वाचणार होते, हे खरं. पण शिवणयंत्र उघडून तेलपाणी करणाऱ्या बाईला चार स्क्रू काय जड, ही घमेंडही होती.

ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडवर गेले. काउंटरवरचा पोरगा पहिल्यांदा विचारतो, ‘ताई, बजेट किती?’ त्याने विचारावं ते काम काय. माझं काम पानं लावायचं आणि फोटो साफ करायचं. गेम खेळणारं घरात कुणी नाही. म्हणजे वेगळं ग्राफिक्स कार्ड नको, पण मग पडद्यावर चित्र आणायची सोय प्रोसेसरमध्येच हवी. रायझन ५ ५६००जी मध्ये ती आहे. शेवटचा ‘जी’ काढला की तेच नाव सांगणाऱ्या ५६०० मध्ये ती नाही. एका अक्षराचा फरक! मुद्रितशोधन करणाऱ्या माणसाला हे पटायला वेळ लागत नाही.

प्रोसेसर ठरला की पुढचं बरंचसं आपोआप ठरतं. तो मदरबोर्डवरच्या ज्या चौकोनात बसतो त्याला सॉकेट म्हणतात. माझ्या प्रोसेसरचा सॉकेट एएम४, म्हणून रॅम डीडीआर४. रायझनच्याच कंपनीच्या, २०२२ साली आलेल्या एएम५ वर फक्त डीडीआर५ चालते. इंटेलच्या बाराव्या ते चौदाव्या पिढीसाठी मात्र दोन्ही प्रकारचे बोर्ड मिळतात, तिथे खोक्यावरचा मजकूर वाचूनच पैसे मोजावेत.

रॅम हा तसा प्रामाणिक भाग. डीडीआर४ आणि डीडीआर५, दोन्हींना २८८ पिना आणि लांबीही तीच, पण मधली खाच थोडी सरकवलेली. चुकीची पट्टी आत जाणारच नाही. असा विरोध परवडतो. दुकानात परत जायचं आणि बदलून आणायची, एवढंच. (पट्ट्या दोन घ्याव्यात. ३२ जीबीची एक घेण्यापेक्षा १६ च्या दोन. प्रोसेसरमधलं ग्राफिक्स याच रॅमवर जगतं, दोन पट्ट्यांनी त्याचा वेग चांगलाच वाढतो.)

भीती बाळगावी ती बसणाऱ्या वस्तूंची.

भाच्याच्या मित्राकडून मी बी४५० चा बोर्ड स्वस्तात घेतला होता. सॉकेट एएम४, प्रोसेसर एएम४. कोपऱ्यातला सोनेरी त्रिकोण सॉकेटवरच्या त्रिकोणाशी जुळवला, तर प्रोसेसर दाब न देता अलगद आत उतरला. बटण दाबलं. पंखे फिरले, दिवे लागले, पडदा काळा. दोन दिवस मी रॅमच्या पट्ट्या काढत-घालत बसले. ह्यांनी एकदाच दारातून डोकावून ‘पत्रिका छापायला आहेत ना?’ एवढं विचारलं.

बोर्डवर बायोस नावाचा एक छोटा प्रोग्रॅम असतो. मशीन चालू होताना कोणता प्रोसेसर बसलाय हे तो ओळखतो. बी४५० चे बोर्ड २०१८ चे, माझा प्रोसेसर २०२१ चा. तीन वर्षांनी जन्मलेल्याला जुना बायोस ओळखणार कसा? आणि बायोस नवा करायचा तर मशीन चालू व्हायला हवं. शेवटी स्टेशनजवळच्या दुरुस्तीवाल्याने स्वतःकडचा जुना रायझन त्यात बसवला, पेनड्राइव्हवरून नवा बायोस चढवला, मग माझा परत घातला. वीस मिनिटांचं काम. काही बोर्डांवर प्रोसेसरशिवाय बायोस बदलायचं बटण असतं, माझ्यावर नव्हतं. बोर्डाच्या कंपनीच्या साइटवर कोणता प्रोसेसर बायोसच्या कितव्या आवृत्तीपासून चालतो याची यादी असते. ती मी आधी उघडली असती तर दोन दिवस वाचले असते.

तेव्हापासून ‘बसतं’ म्हटलं की माझे कान टवकारतात. एम.२ ची एसएसडी घ्या. साटा आणि एनव्हीएमई या दोन्ही प्रकारांच्या चिपट्या एकाच खाचेत शिरतात, स्क्रूही आवळला जातो, पण बोर्डवरची ती जागा फक्त एनव्हीएमईची असली तर साटाची चिपटी मशीनला दिसतच नाही. कॅबिनेटमध्ये बोर्डाखाली पितळी खुंट्या असतात. बोर्डाला भोक नाही तिथे एखादी राहिली, तर ती मागच्या टाक्यांना टेकून शॉर्ट होऊ शकतं. आणि मशीनला वीज पुरवणारा एसएमपीएस सुट्या वायरींचा असेल, तर एकाची वायर दुसऱ्याला कधीही लावू नये. टोक बसतं, पण आतल्या तारांचा क्रम कंपनीगणिक वेगळा असतो. तिथे नुसतं चालत नाही असं नाही, डिस्क जळू शकते.

परवा भाच्याने स्वतःच्या मशीनची यादी पाठवली. इंटेलचा प्रोसेसर, नावाच्या शेवटी ‘एफ’, म्हणजे आत ग्राफिक्स नाही. यादीत वेगळं कार्डही नाही. मी विचारलं, ‘चित्र कुठून येणार?’

‘मावशी, बोर्डाला मागे एचडीएमआय आहे की.’

आहे खरं. वायरही तिथे छान बसेल.